पेवातली पुस्तकं

आक्कांच्या हातात पुस्तक गेलं की मी तोंड फिरवायचो. त्या ते मधोमध उघडायच्या, दोन्ही बाजू धरून मागे वाकवायच्या आणि शिवण कुरकुरली की कान देऊन ऐकायच्या. ज्यानं ते विकायला आणलेलं असायचं तो बिचारा समोरच उभा असायचा. "अहो बाई, फाटेल ते!" असं तो कळवळून म्हणाला की आक्कांचं ठरलेलं उत्तर असे, "हळकुंड मोडल्याबिगार रंग कळत न्हाई."

त्यांचे वडील सांगलीतले हळदीचे अडते. वडील गेल्यावर आक्कांनी पेढी भावकीला देऊन टाकली, एक गोदाम तेवढं स्वतःकडे ठेवलं आणि त्यात जुन्या पुस्तकांचा संसार मांडला. हळदीची पोती कधीच गेली होती, पण वास गेला नव्हता. येणारं गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग बोलायचं. आक्का साठीच्या पुढच्या, अंगानं थोराड, बिनलग्नाच्या. लग्न का केलं नाही हे विचारायची बाजारात कुणाची छाती नव्हती.

मी कोरेगावजवळच्या एका खेड्यातला. एम. ए. करून नोकरीसाठी वणवण करत सांगलीला आलो होतो. कुठल्याही शाळेनं मला घेतलेलं नव्हतं, तरी आक्का पहिल्या दिवसापासून मला 'मास्तर' म्हणत. स्वभावानं मी असा की मला काळजी करायला कारण लागत नाही. सगळं सुरळीत चाललं असेल तर ते कधी बिघडणार याची काळजी करतो. आक्कांना याची भारी मौज वाटे. "मास्तर, तुमाला पगार कामाचा देते का भ्यायचा?" असं त्या चारचौघांत विचारत.

पण न घाबरून करणार काय? एकदा विश्रामबागेतले एक नवश्रीमंत गृहस्थ आले. त्यांनी बंगला बांधला होता आणि त्यांना एक भिंत भरेल इतकी जाडजूड, लाल पुठ्ठ्याची पुस्तकं हवी होती. एका दमात महिन्याचा धंदा झाला असता. मी शिडी लावायला धावलो.

"कोण वाचणार?" आक्कांनी विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारत.

"वाचायला नव्हे हो, हॉलमध्ये ठेवायची आहेत."

"मग लाल विटा न्या की. वाळवी बी लागायची न्हाई."

गृहस्थ गेले. मी शिडीवर तसाच उभा. पुढच्या महिन्यात हे दुकान चालू असेल का, नसलं तर घरी तोंड कसं दाखवायचं, हे सगळं माझ्या मनात वरच्या पायरीवरच येऊन गेलं. आक्का खाली शांतपणे शेंगा फोडत बसल्या होत्या.

त्यांचा एक नेम होता. एक पुस्तक विकलं गेलं की दुसरं एक फुकट द्यायचं. ज्या गावात वाचनालय नाही तिथल्या समाजमंदिरात, कारखान्यांतली पोरं जिथं भाड्यानं राहतात त्या खोल्यांत, कुठंही. मात्र देताना फाटकंतुटकं द्यायचं नाही. "इकायला येक आन वाटायला येक असा भेद करशीला तर बघा," असा दम त्यांनी मला दिला होता. ही वाटायची पुस्तकं त्या आपल्या एम-एटी गाडीवर पोत्यात बांधून स्वतः नेत. मागं मी. हायवेला त्या ट्रकला ओव्हरटेक करायला लागल्या की मी डोळे मिटून घेई. "मेलो तर वर्तमानपत्रात येईल, 'पुस्तकांसह दोघे ठार'," असं मी एकदा म्हणालो. आक्का इतक्या हसल्या की गाडी रस्ता सोडून चिखलात गेली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत सांगलीत इंटरनेटची दुकानं निघाली. घड्याळ लावून बसायचं, निम्मा वेळ फोन लागण्यातच जायचा. आक्कांनी कुठंतरी ऐकलं की त्यात फुकट पान मिळतं आणि ते अमेरिकेतसुद्धा दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिथं नेऊन बसवलं. त्या काळी मराठी अक्षरं पडद्यावर धड उमटत नसत, म्हणून मी इंग्रजी लिपीत मराठी लिहायचो. दर आठवड्याला आलेल्या पुस्तकांविषयी चार ओळी. आता त्याला ब्लॉग म्हणतात. आक्का त्याला 'फळा' म्हणायच्या, बाजारात भाव लिहायचा असतो तसा. "फळ्यावर लिवलंसा का?" ही त्यांची रोजची विचारणा.

पण काय लिहायचं? मी पहिल्यांदा पुस्तकांची तोंडभरून स्तुती लिहून नेली. आक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोड कुठं हाय यात?"

"खोड लिहिली तर घेईल कोण?"

"खोड आदी सांगायची. मग मालाचं गुण. आमच्या बाबांनी जलमभर तसंच केलं. आपली खोड दुसऱ्यानं काढायच्या आदी आपण सांगावी, मग मान वर करून हिंडता येतंय."

झालं. मी छातीवर दगड ठेवून खोडी लिहायला लागलो. 'निम्म्यापर्यंत पुस्तक झकास आहे, पुढं लेखकाला कंटाळा आला असावा.' 'मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. चहात साखर जास्त होती, मुंग्या येऊन गेल्यात.' 'आधीच्या मालकानं पानोपानी रेघा मारल्यात आणि नेमक्या चुकीच्या ओळींखाली मारल्यात.' मला वाटलं, आता लोक तोंडात शेण घालतील. उलट पत्रं यायला लागली. आधी पुण्याहून, मग मुंबईहून, आणि एक दिवस अमेरिकेतल्या एका डॉक्टरीणबाईंचं आलं. त्यांना मुंग्या येऊन गेलेलंच पुस्तक हवं होतं. 'खोट्या स्तुतीची इथं सवय झाली आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. धंदा वाढला तशी वाटायची पुस्तकंही वाढली. मला मात्र सुख बोचायला लागलं. इतकं चांगलं चाललंय म्हणजे आता काहीतरी होणार, असं मी रोज मनाला बजावत होतो.

आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं.

धरणातनं पाणी सोडलं अशी बातमी आली. बाजारात एकच धावपळ. जो तो पोती उचलून उंचावर हलवत होता. आमचं गोदाम सखल जागी. आक्का बराच वेळ दारात उभ्या राहून आभाळाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पेवात ठिवू."

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या बाजूला मातीच अशी आहे की जमिनीत विहिरीसारखा खड्डा खणून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवतात. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र खोलीएवढं ऐसपैस. तळाला आणि कडेनं उसाचं पाचट आणि चटया घालायच्या, माल भरायचा, वर फरशी ठेवून माती लिंपून टाकायची. ना कीड, ना ओल. आक्कांच्या वडिलांचं असं एक पेव उंचावरच्या रानात होतं, कैक वर्षं रिकामं आणि उघडं.

"आक्का, पुस्तकं जमिनीत पुरायची?" माझा आवाज चिरकला.

"हळद ऱ्हाती न्हवं?"

"हळद वाचायची नसते!"

पण मला कोण विचारतं? तात्या म्हणून एक म्हातारे होते, त्यांची हयात पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेलेली. त्यांनी दोन गडी लावून पेव साफ केलं आणि आमची सगळी पुस्तकं त्यात भरली. एक गोष्ट मला तेव्हा खटकली. एरवी हमालाच्या डोक्यावरची पोतीसुद्धा नीट करणाऱ्या आक्का त्या दिवशी लांब बाभळीखाली पाठ करून उभ्या होत्या. मला वाटलं, पावसानं वैतागल्या असतील.

पाणी आमच्या गोदामाच्या पायरीपर्यंत आलं, जरा थांबलं आणि माघारी गेलं. आत थेंब नाही. पुस्तकं उगाचच पेवात गेली होती.

पाऊस ओसरला, गणपती झाले, नवरात्र झालं. आक्का पेव उघडायचं नाव काढीनात. आज काय तर तात्यांचा गुडघा दुखतोय. उद्या काय तर जमीन अजून वली हाय. अमावस्या-पौर्णिमा कधी न पाळणाऱ्या बाईनं एकदा अमावस्येचंही कारण सांगितलं. गोदामात नुसत्या रिकाम्या मांडण्या. मी सकाळी येऊन त्या पुसायचो आणि संध्याकाळी खोलीवर जायचो.

माझा जीव टांगणीला लागण्याचं कारण वेगळंच होतं. पेवात माझ्या गावची पुस्तकं होती. आमच्या विहाराला लागून एक खोली बांधली होती. माझे वडील फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी तिथं पोरांसाठी अभ्यासिका करायचं मनावर घेतलं होतं. आक्कांनी तिच्यासाठी एक अख्खं कपाट भरेल इतकी पुस्तकं स्वतः निवडून, गठ्ठे बांधून ठेवली होती. शब्दकोश, गणितं, परीक्षांची, कथा-कादंबऱ्या, सगळं. वडील एसटीडी बूथवरून फोन करत. "रॅक रेडी हाय. पोरं डेली इचारत्यात. तुझ्या आक्कांचा काय आर्डर?" मी म्हणायचो, होईल, पुढच्या आठवड्यात. फोन ठेवला की मनात यायचं, पुस्तकांना बुरशी धरली असेल. नाहीतर वाळवी. नाहीतर आक्कांनी ती परस्पर विकली असतील आणि मला सांगायचा त्यांना संकोच वाटत असेल. असलं वाईट मनात आलं याचीही मग काळजी.

तिकडे फळ्यावर लोक विचारत होते, नवीन पुस्तकं का येत नाहीत?

"काय लिहू?" मी आक्कांना विचारलं.

"काय बी लिवू नगा."

खोड आधी सांगायची म्हणणाऱ्या आक्का असं म्हणाल्या तेव्हा माझा धीर सुटला. एरवी मी त्यांच्यापुढे मान वर करत नसे. त्या दिवशी म्हणालो, "आक्का, पोरांची परीक्षा जवळ आली. पुस्तकं द्यायची नसतील तर तसं सांगा. मी वडलांना कळवतो. पण हे असं टांगून ठेवू नका."

आक्का शेंगा फोडत होत्या. हात थांबला.

"बाळ्या म्हणून धाकटा भाऊ हुता मला," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं नसंल. बंद पेव उघडलं की लगीच उतरायचं नसतंय. आत हवा कोंडून इखारी झाल्याली असती. आदी उघडं ठिवायचं, मग दोरीला बांधून दिवा सोडायचा. दिवा इझला तर माणूस बी इझतोय. हितल्या बारक्या पोरास्नी बी ठावं असतंय ह्ये. त्या दिशी ट्रक हुबा हुता, बाबा गावाला गेल्यालं, सगळा कारभार माझ्या हातात. मी म्हटलं, 'उतर की रं बाळ्या, किती येळ?' त्यो उतरला."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"दिवा माझ्या हातातच हुता, मास्तर. न पेटिवल्याला."

बाहेर कुणीतरी रिक्षाला हाक मारत होतं. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "भरताना नुसतं बगवत न्हवतं, भ्या न्हवतं. काढताना कुणाला तरी 'उतर' म्हणाय लागतंय, ह्ये मला त्या पुराच्या गडबडीत सुचलंच न्हाई. आता रोज सकाळी ठरिवते, आज तात्याला बलावायचं. आन जमत न्हाई."

मला त्यांची इतकी दया आली की मी म्हणालो, "राहू देत आक्का पुस्तकं तिथंच. गावाला मी समजावतो." आणि ते मनापासून म्हणालो. पण त्या शेंगांची टरफलं बाजूला सारून म्हणाल्या, "फळ्यावर लिवा. पुस्तकं पेवात हायती. आन मालकीण भिती."

मी तसंच लिहिलं. एक अक्षर इकडे तिकडे केलं नाही. त्याला उत्तरं बरीच आली, बहुतेकांनी धीर दिला होता. आक्कांनी एकही वाचून घेतलं नाही. एकदा खोड सांगून टाकल्यावर त्यांना बसवेनासं झालं होतं. त्यांनी तात्यांना निरोप धाडला.

सकाळी सकाळी तात्यांनी माती खरवडून फरशी सरकवली. आतून एक उबट, कोंदट, हळदीचा भपकारा आला आणि आम्ही सगळे मागं सरलो. थोड्या वेळानं तात्यांनी कंदील सोडला. तो निम्म्यातच फडफडला आणि विझला.

"बगितलंसा?" आक्का एवढंच म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

तो दिवस आम्ही पेव उघडं टाकून नुसतं बसून काढला. दुसऱ्या दिवशी कंदील सोडला तो तळाला जाऊन टेकला आणि जळत राहिला. आक्कांनी तो वर घेऊन पुन्हा सोडायला लावला, पुन्हा, आणखी पुन्हा. शेवटी तात्यांनी धोतर खोचलं.

"दिवा जळतोय न्हवं, आक्का? मी उतरतो. माझं रोजचंच हाय ह्ये."

आक्कांनी त्यांच्या बंडीला धरलं. "न्हाई. मीच उतरते."

त्या खरोखरच तोंडाशी बसल्या आणि पाय आत सोडले. कमरेपाशी अडकल्या. तात्यांनी आणि मी धरून त्यांना बाहेर ओढलं. एरवी हे पाहून सगळं रान हसलं असतं, पण कुणी हसलं नाही. त्या मातीत तशाच बसून राहिल्या, तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तर जाऊ दे," त्या तात्यांना म्हणाल्या. "तू सराईत हाईस. सराईत माणसाला वाटतंय, काय हुत न्हाई. मास्तर लय भितो. जरा कायतरी वाटलं की पळत वर येईल."

माझ्या भित्रेपणाची कुणी कदर केल्याचा तो पहिलाच प्रसंग. पण आनंद मानायला सवड नव्हती. नाही म्हणालो असतो तर आक्कांनी एका शब्दानं बोल लावला नसता. पण गठ्ठे माझ्या गावचे होते आणि त्या मातीत बसून माझ्याकडे बघत होत्या. मी चपला काढल्या. आक्कांनी माझ्या कमरेला स्वतः दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळलं.

"सारखं बोलत ऱ्हायचं," त्या म्हणाल्या. "तोंड बंद ठिवायचं न्हाई. कळलं?"

"कळलं."

त्या काहीतरी म्हणायला गेल्या आणि थांबल्या. मी तोंडाशी पाय सोडून बसलो होतो. उतरायला सांगितल्याशिवाय मी उतरणार नाही, हे त्यांनाही कळत होतं.

"उतरा," आक्का म्हणाल्या.

तात्यांनी सोडलेल्या शिडीवरून मी खाली गेलो. आत गरम होतं. कंदिलाच्या उजेडात पिवळी धूळ तरंगत होती. मी मोठमोठ्यानं बोलायला सुरुवात केली. काय बोलणार? हाताला पुस्तक येईल त्याची खोड सांगत सुटलो. "याचा पुठ्ठा निघालाय. याला कोपऱ्यात डाग आहे. हे पिवळं झालंय. हेही पिवळं झालंय. आक्का, सगळीच पिवळी झाल्यात!" वरून तात्या पाटी सोडत, मी भरत होतो, पाटी वर जात होती. दर श्वासाला वाटायचं, हा शेवटचा तर नाही? डोकं गरगरतंय का? की भीतीनं गरगरतंय? जीभ कोरडी पडली तरी मी बडबडत होतो.

मग कडेला माझ्या गावचा गठ्ठा दिसला. वर आक्कांच्या अक्षरात गावाचं नाव होतं. मी सुतळी सोडली, मधलं एक पुस्तक काढलं आणि उघडलं. खडखडीत कोरडं. बुरशी नाही, वाळवी नाही, पानं सुटी सुटी फडफडत होती. मी दुसरं उघडलं. तेही तसंच. इतके महिने ज्याची धास्ती घेतली होती ते झालंच नव्हतं. मी गुडघ्यावर बसून पानं उलटत राहिलो आणि बोलायचं विसरून गेलो.

"बाळ्या!"

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. दोराला एवढा हिसका बसला की मी भिंतीवर आदळलो.

"बाळ्या! बाळ्या रं!"

मी मास्तर, दुसऱ्या घरचा, दुसऱ्या गावचा. तरी त्या नावाला मी ओ दिली. "ओ!" म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडलो. "हाय! हाय मी! वर येतोय!"

शिडी चढून डोकं बाहेर काढलं तेव्हा उन्हानं काही दिसेना. मी केसापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो. तात्यांनी काखेत हात घालून मला बाहेर घेतलं. वाटलं होतं, आक्का आता फाडफाड बोलतील. त्या माझ्या तोंडावरून, खांद्यावरून, हातावरून हात फिरवत होत्या, बाजारात माल चाचपतात तसा.

"तात्या," त्या म्हणाल्या, "म्या उतर म्हटलं आन त्यो वर आला बघ."

तात्यांनी माझ्या कमरेची गाठ सोडली. मग आक्कांच्या हाताचा दोर सोडायला गेले, तर मूठ उघडेना. "सोडा आता, आक्का. वर आलाय न्हवं त्यो," असं म्हणत म्हाताऱ्यानं एकेक बोट हळूहळू उचललं.